अकरावी ओळ

घनसावंगी, ता. अंबड
२९ ऑक्टोबर १९७५

प्रिय सर्जेराव,

एक गंभीर फिर्याद दाखल करायची आहे, तेव्हा काळा कोट अंगात घालून मगच पुढचं वाच. फिर्यादी: त्रिंबक देऊळगावकर, वय एकोणपन्नास, धंदा हायस्कुलात संस्कृत शिकवणे आणि न शिकणाऱ्यांकडे बघत बसणे, गोदातीर क्रिकेट मंडळाचा बिनपगारी चिटणीस व स्कोअरर. आरोपी: चार रन. गुन्हा: बेपत्ता होणे.

गेल्या रविवारी मोसमातली पहिली मॅच झाली. आपल्या डावाची एकूण संख्या एकशे आठ. बोलरांच्या रकान्यांत अवांतर मिळवून एकशे आठ येतात, एकेक रन खोडत जायच्या तक्त्यावरूनही एकशे आठच. पण बॅटिंग करणाऱ्यांचे रन आणि अवांतर मिळून भरतात एकशे चार. चौदा वर्षं मी हे बुक लिहितो आहे. लग्नाची तारीख माझ्याकडून चुकली आहे, बेरीज कधी नाही. पाच वेळा करून पाहिली. शेवटी सौभाग्यवतींना करायला लावली. त्यांनी ती भाजीच्या हिशेबासारखी बोटांच्या पेरांवर केली, एकशे चार सांगितले आणि वर विचारलं, "चार रनांसाठी जेवायचे थांबलात?" मी जेवलो. पण ते चार रन कुणी काढले, हे काही कळलं नाही.

आता फिर्यादीचं किरकोळ परिशिष्ट. आमच्यावर नोटीस आली आहे.

भिवा निकाळजे तुला आठवत असेल. नसेलही, कारण आमच्या बुकात तो सापडायचा नाही. मंडळाची वर्गणी महिन्याला एक रुपया. दहा जण ती भरतात. अकरावा हाताने भरतो, म्हणजे सकाळी येऊन दगडी रूळ फिरवणे, पाणी मारणे, मॅटिंग अंथरून खिळे ठोकणे, आणि मग दिवसभर खेळणे. त्याचं नाव लिहीत नाहीत. ओळीत नुसतं 'अकरावा' लिहितात. ही पद्धत माझ्या आधीपासूनची. मी ती फक्त चालू ठेवली, चांगल्या अक्षरात. तेरा वर्षं आमचा अकरावा भिवाच होता.

गेल्या वर्षी एक डिसेंबरला अंबडच्या संघाशी मॅच होती. त्यांच्या एकाने मारलेला चेंडू मैदानाच्या कडेच्या बारवेत गेला. मंडळाकडे चेंडू एकच. भिवा पायऱ्या उतरून गेला आणि शेवाळावरून घसरला. डोक्याला दगड लागला. वर काढला तेव्हा जीव नव्हता. त्यानंतर आम्ही मोसमभर खेळलो नाही.

आता त्याची बायको मालनबाई हिने अंबडच्या वकिलामार्फत आठ हजारांची भरपाई मागितली आहे. मंडळाची मालमत्ता म्हणशील तर काथ्याचं एक मॅटिंग, दोन बॅटी आणि रूळ. मैदान गायरानातलं, ग्रामपंचायतीने ठरावावर दिलेलं, आणि ठरावातच लिहिलं आहे की वाद कोर्टात गेला तर जागा परत. मग हा दावा लागतो तो नेमका कुणावर, एवढं मला साध्या मराठीत सांग. तुझ्या कोर्टातल्या मराठीत नको.

तुझा,
त्रिंबक


औरंगाबाद
८ नोव्हेंबर १९७५

शास्त्री,

तुझी फिर्याद फेटाळली आहे. खर्चासह. चष्मा बदल. शाळेत असताना दोन्ही डोळे शाबूत होते तरी मला अर्ध्या खेळपट्टीवर उभं करून रनआउट केलंस. आता तर तुला बायफोकल आहे.

परिशिष्टाचं ऐक. तुमचं मंडळ रजिस्टर केलेलं आहे का? नाही, हे तुझ्या पत्राच्या सुरावरूनच कळलं. सात जणांच्या सह्या आणि एक अर्ज, एवढ्याचा तुम्हाला चौदा वर्षं कंटाळा आला. म्हणजे कायद्याच्या नजरेत तुमचं मंडळ जन्मलेलंच नाही. जे जन्मलं नाही त्याच्यावर दावा लागत नाही. तो लागतो जन्मलेल्यांवर. तुमच्या दहाही जणांवर, घरादारासकट. रजिस्टर केलं असतंत तर मंडळाच्या पेटीत असेल तेवढंच गेलं असतं. आता खुशाल करा, पण ते पुढच्या अपघाताला कामी येईल, या नाही.

सगळं एका गोष्टीवर आहे. भिवा त्या दिवशी खेळत होता की नव्हता? खेळत असेल, आणि मंडळाच्या चेंडूसाठी मंडळाच्या सांगण्यावरून उतरला असेल, तर तुम्ही हरलात. तो सकाळी रूळ फिरवून मोकळा झालेला मजूर असेल, बघत उभा असेल आणि आपल्या मनाने उतरला असेल, तर बाईच्या दाव्यात फारसा दम राहत नाही. बाकी सगळी माणसांची तोंडं आहेत, आज एक बोलतील, उद्या दुसरं. कागद म्हणशील तर एकच, तुझं स्कोअरबुक.

त्या पानावर काय आहे ते कळव. काय असलं तर बरं, ते मी वर लिहिलंच आहे.

तुझा,
सर्जेराव घोगरे


घनसावंगी
२५ नोव्हेंबर १९७५

प्रिय सर्जेराव,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. त्या पानावर दहा नावं आहेत. अकराव्या ओळीत काही नाही.

तू पाठवलेल्या मसुद्याप्रमाणे कैफियत लिहून दहाही जणांच्या सह्या घेतल्या. आमचा कप्तान मल्हारी, सरकारी दवाखान्यातला कंपाउंडर, सगळ्यात शेवटी आला. पेन हातात धरून म्हणाला, "मास्तर, दहाच जण खेळलो असं लिवलंय. हे बराबर हाये ना?" मी म्हटलं, वकिलांचं तसं म्हणणं आहे. त्याने सही केली. बरोबर आहे असं मी म्हणालो नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

चष्मा बदलला. बावीस रुपये गेले. परवा रविवारी जालन्याचा संघ आला होता. आता सात रन कमी आहेत.

थट्टा पुढे करतो, आधी जे झालं ते क्रमाने सांगतो. अकरावा म्हणून यायला गावात कुणी तयार नाही, तेव्हा आम्ही दहाच खेळतो. रूळ मी आणि मल्हारीने फिरवायचा असं ठरलं होतं. सकाळी सातला मैदानावर गेलो तर रूळ फिरवून झाला होता. खेळपट्टीवर पाणी मारलेलं, दगडाला ओली माती चिकटलेली. रूळ दक्षिणेच्या टोकाला नेऊन ठेवलेला आणि तो गडगडू नये म्हणून खाली अर्धी वीट. ती वीट ठेवायची सवय एकाच माणसाची होती. मल्हारीने विटेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि "चला, मॅटिंग टाकू" म्हणाला.

दुपारी जालन्याच्या एका दांडग्या पोराने बारवेच्या बाजूला चेंडू फटकावला. तिकडे आम्ही कुणाला उभं करत नाही. करायचं म्हटलं तरी कुणी उभं राहत नाही. दोघांनी निवांत दोन रन काढले, तिसऱ्याला निघाले. आणि चेंडू परत आला. चांगला कमरेच्या उंचीवरून, सरळ विकेटकीपरच्या हातात. त्याने सवयीने बेल्स उडवल्या, पंचाने बोट वर केलं, दांडगा परतला. जाता जाता माझ्या टेबलापाशी थांबून म्हणाला, "मास्तर, तुमचा तो बारवेपाशचा गडी लई जोरात फेकतो की! झाडामागं लपवून ठिवला काय?" मी हसलो. तोही हसला. मग कीपर हातमोजे काढून माझ्याकडे आला आणि त्याने चेंडू माझ्या टेबलावर ठेवला. चेंडू ओला होता. बुकाच्या पानावर गोल डाग पडला आहे, तुला दाखवीन.

रनआउट लिहिताना पुढे कंसात फेकणाऱ्याचं नाव लिहायची माझी पद्धत. मी कंस काढला आणि आत काही लिहिलं नाही.

पाठशाळेत आम्हाला अभाव शिकवला होता. जमिनीवर घडा नाही, हे माणसाला कसं कळतं? आमचे गुरुजी म्हणायचे, घड्याचं नसणं हीही एक वस्तू आहे आणि ती डोळ्यांनी दिसते. तेव्हा मी चोरून हसत असे. परवा बारवेच्या काठावर कुणी नव्हतं. ते मी टेबलावरून नीट पाहिलं, सर्जेराव. इतकं स्पष्ट मी आयुष्यात दुसरं काही पाहिलेलं नाही.

तू म्हणशील, म्हाताऱ्याला बेरजेने पछाडलं. म्हण.

तुझा,
त्रिंबक


औरंगाबाद
४ डिसेंबर १९७५

शास्त्री,

तुझं पत्र बायकोला वाचून दाखवलं नाही, कारण तिने लगेच तुझ्या नावाने राजूरच्या गणपतीला नारळ बोलला असता आणि तो फोडायला मला पाठवलं असतं. गावात मंडळाची जिरवायला टपलेलं कुणीतरी आहे. पहाटे रूळ फिरवतं, बारवेत चेंडू बुचकळून फेकतं आणि तुमची गंमत बघतं. कोर्टात मी यापेक्षा मोठी भुतं पाहिली आहेत. सगळी उलटतपासणीत रडली.

एकवीस तारखेला मी स्वतः येतो. स्कोअर मी लिहीन. तू शेजारी बसून पान खा. बेरीज जुळली की तुझा चष्मेवाला बदलू.

आणि कामाचं: अंबडला तारीख लागली आहे, सोमवार, १९ जानेवारी. स्कोअरबुक हजर करायचं आहे आणि ते लिहिणारा म्हणून साक्ष तुझीच होईल. प्रश्न एकच विचारतील, भिवा त्या दिवशी संघात होता का. उत्तर एका शब्दात द्यायचं. संस्कृतात नाही.

तुझा,
सर्जेराव


औरंगाबाद
२३ डिसेंबर १९७५

प्रिय त्रिंबक,

काल रात्रीच्या एसटीने पोचलो. उशाशी कागद घेऊन बसलो होतो, पण लिहिलं आत्ता, कोर्ट सुटल्यावर.

वकिलासारखं लिहितो, म्हणजे जेवढं पाहिलं तेवढंच. आपल्या डावातला नववा गडी बाद झाला तेव्हा पावणेचार वाजले होते. तुम्ही दहाच, म्हणजे डाव संपला. रेघ मारायला मी पट्टी हातात घेतली. पण मल्हारी जागचा हलला नाही. पंच हलला नाही. बोलर परत आपल्या खुणेपाशी गेला. मी मान वर केली तर पलीकडच्या टोकाला कुणीतरी उभं होतं. डोळ्यांवर तिरीप येत होती. पांढरा सदरा, अनवाणी पाय. ओळख पटली असं मी शपथेवर सांगणार नाही. मला वाटलं, गावातला कुणी ऐन वेळी घेतला असेल. मी तुला विचारलं, "नाव काय लिहू?" तू पान चघळत होतास. मान वर केली नाहीस.

तीन ओव्हर तो खेळला. मी लिहीत गेलो. मग मल्हारी झेलबाद झाला आणि सगळे परत आले. मोजले तर दहा.

मल्हारी मॅटिंग गुंडाळत होता. त्याला विचारलं, तुझ्यासोबत कोण होता? म्हणाला, "वकीलसाहेब, मी आपल्याच टोकाकडं पाहून राह्यल्तो." बराच वेळ मॅटिंगचा काठ सरळ करत बसला. मग म्हणाला, "रन मातर हाकेसरशी पळाला. पहिल्यासारखा."

बेरीज केली. अकरा रन कमी. मी माझ्या हाताने त्याच्या ओळीत लिहिलेले अकरा रन पानावर नव्हते. ओळ कोरी होती. पेन्सिल माझी, अक्षर माझं, बाकी सगळं जागच्या जागी. शास्त्री, मला उलटतपासणीत कुणी रडवलेलं नाही आजवर.

आता दुसरी गोष्ट. तू चहा आणायला गेलास तेव्हा मी बुक मागे चाळलं आणि गेल्या वर्षीचं एक डिसेंबरचं पान उन्हासमोर धरलं. अकराव्या ओळीत काही नाही, असं तू लिहिलं होतंस. खरं आहे. पण कागद तिथे पातळ झाला आहे. रबराने घासल्यासारखा. आणि खाली अवांतर सदतीस. बाय, वाइड, नोबॉल यांच्या खुणा मोजल्या तर सहा भरतात. एकतीस रन कुणाचेच नाहीत.

तुझा वकील म्हणून हे मी पाहिलेलं नाही. तुझा मित्र म्हणून विचारतो. काय खोडलंस?

सर्जेराव


घनसावंगी
६ जानेवारी १९७६

आदरणीय गुरुजींना,
बेबीनंदा निकाळजेचा सादर नमस्कार.

सुट्टीला घरी आले आहे. उद्या परत शाळेवर हजर व्हायचं आहे, म्हणून घाईत लिहिते. अक्षर बिघडलं असेल तर माफ करा. तुम्ही ते सुधारायला पुष्कळ कष्ट घेतले होते.

आमच्या वकिलांनी सांगितलं की मंडळाने कोर्टात लिहून दिलंय, भाऊ, म्हणजे आमचे वडील, त्या दिवशी खेळतच नव्हते. मी हे आईला वाचून दाखवलं. मग तिने मला जे लिहायला सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहिते. मी सुधारलं तर ती रागावेल.

"मास्तरला म्हणावं, पैशाचं मागून पाहू. पैसा वकिलानं लिवला, मी न्हाई सांगितला. मला एवढंच सांगा, त्याहीचं नाव बुकात हाये का न्हाई. तेरा साल दर आयतवारी मी भाकर बांधून देऊन राह्यले. पांढरा सदरा निळीत घालून देऊन राह्यले. लोकं हसायचे, म्हणायचे मालन, तुझा नवरा फुकटात रूळ वढतो. मी म्हणायची, वढतो न्हाई, खेळायला जातो. आता तुम्ही म्हणता खेळलाच न्हाई. मंग तेरा साल तो जात कुठं होता?"

गुरुजी, एवढंच आहे. त्या दिवशी सकाळी भाऊंनी मला सांगितलं होतं, आज रन काढले तर मास्तरांना नाव लिहायला लावणार. ते लिहून घेतलं का, हे मलाही जाणून घ्यायचं आहे. आईने हे विचारायला सांगितलेलं नाही. मी विचारते.

तुमची विद्यार्थिनी,
बेबीनंदा


घनसावंगी
रविवार, १८ जानेवारी १९७६

प्रिय सर्जेराव,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला मी सव्वीस दिवस घेतले. हे पत्र टपालात टाकणार नाही. उद्या सकाळी अंबडला कोर्टाच्या पायरीवर तुझ्या हातात देईन, कारण तोंडाने सांगणं मला जमायचं नाही. आत जाण्याआधी वाच. तुझी बिडी संपेपर्यंत वाचून होईल.

काय खोडलं ते विचारलंस. एक नाव आणि एक आकडा खोडला.

त्या दिवशी आपली बॅटिंग आधी होती. नऊ बाद बेचाळीस, आणि अकरावा आत गेला. भिवाने एकतीस काढले. संघात कुणाचे तेवढे नव्हते. बाद होऊन आला तो सरळ माझ्या टेबलाशी. घामाने निथळत होता, हसत होता. म्हणाला, "मास्तर, आज तरी नाव लिवा." मी म्हटलं, बाबा रे, ही ओळ 'अकरावा' म्हणूनच चालत आली आहे. तो म्हणाला, "चालत आली ना? मंग आज पळू द्या तिला." मला हसू आलं. 'अकरावा' कापून पुढे लिहिलं: भिवा निकाळजे, एकतीस. त्याला वाचता येत होतं. त्याने बोट ठेवून वाचलं आणि फिल्डिंगला गेला.

चेंडू बारवेत पडला तेव्हा तो काठाजवळच होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. आपल्या मनाने उतरला नाही तो. मी म्हणालो, "बघ रे भिवा, एकच आहे." मंडळाचा चिटणीस या नात्याने म्हणालो असं समज. तुझ्या कायद्याला एवढं पुरे आहे, नाही का?

संध्याकाळी पोलीसपाटील पंचनाम्याला यायच्या आधी मी घरी बसून नाव घासून काढलं. रनांचं काय करायचं? ते काढले तर बेरीज चुकली असती, आणि चुकीची बेरीज मला बघवत नाही. म्हणून एकतीस अवांतरात टाकले. कुणी काढलेच नाहीत असे रन. पान नीट दिसत होतं. तेव्हा तू दावा, कैफियत, काहीच म्हणाला नव्हतास. आठ हजारांचं कुणाच्या मनातही नव्हतं. मैदान जाईल, मंडळ बुडेल, दहा घरांवर येईल, एवढाच विचार केला आणि रबर घेतलं.

आता माझी बेरीज ऐक. ऑक्टोबरात चार गेले, नोव्हेंबरात सात, तुझ्या हातून अकरा. बावीस झाले. एकतीसला नऊ कमी आहेत. पुढची मॅच येत्या रविवारी, पंचवीस तारखेला. त्या दिवशी नऊ कमी आले, की मग काय होतं ते मला ठाऊक नाही. पाठशाळेत हा भाग शिकवला नव्हता.

काल सगळ्यांना मैदानावर बोलावून सांगितलं. संपत कापूसवाला म्हणाला, "मास्तर, तुमचं पाप तुमच्या घरी ठिवा, माझी कापसाची जीन कशाला वढता त्यात?" त्याचं बरोबर आहे. मल्हारी म्हणाला, "मी तवाच इचारल्तं, बराबर हाये ना." त्याचंही बरोबर आहे. बारवेच्या बाजूला कुणी बघत नव्हतं. शेवटी सात जणांनी कैफियत मागे घ्यायला मान डोलावली. तिघांनी डोलावली नाही. त्यांचं तू पाहा. माझा प्रॉव्हिडंट फंड आहे, अंबड रस्त्यावरचा प्लॉट आहे. ते आधी दाखव आणि बाकीच्यांची घरं वाचतील तेवढी वाचव. ग्रामपंचायत मैदान काढून घेईल. घेऊ दे.

उद्या साक्षीत मी एका शब्दात उत्तर देईन. होता.

सरकारी वकिलासारखा भुवया उंचावू नकोस. खोडलेलं पान मी परत लिहिलेलं नाही, पुराव्याशी दुसऱ्यांदा खेळायची हिंमत नाही. तसंच घेऊन येतो आहे. उन्हासमोर धरलं तर 'भि' अजून दिसतो.

या पत्राची नक्कल करून मी आज दुपारी मालनबाईंच्या घरी नेऊन दिली. बेबीनंदा शाळेवरून आली होती. मी उंबऱ्यातच उभा होतो. मालनबाई म्हणाल्या, "बसा मास्तर." बसलो नाही. दोरीवर पांढरा सदरा वाळत होता, निळीत काढलेला. पाणी ठिबकत होतं. कुणाचा, ते मी विचारलं नाही. आज आयतवार आहे.

तर आता राहिलेलं. नकलेत हा भाग नाही.

भिवा बारवेत उतरला तेव्हा खेळ थांबला होता. सगळे पलीकडे लिंबाखाली पाणी प्यायला गेले होते. बारवेच्या जवळ मी एकटाच, माझ्या टेबलाशी, वीस पावलांवर. रिकामा वेळ मिळाला म्हणून पहिल्या डावाच्या रकान्यांची बेरीज करत होतो. त्याचं नाव धरून. त्याचे एकतीस धरून. आतून हाक आली, "मास्तर!" एकदाच. चेंडू सापडला म्हणून ओरडतोय असं वाटलं, किंवा तसं वाटून घेतलं. मी मान वर न करता म्हणालो, "थांब." हातचे दोन होते, विसरले असते.

बेरीज जुळली. मग मी उठलो.

कोर्टात हे कुणी विचारणार नाही. तुला विचारायचं सुचणार नाही, त्यांच्या वकिलालाही नाही. भिवा येतो, त्याची मला भीती वाटत नाही. त्याचे रन आहेत, घेऊन जाऊ दे. मला भीती आहे ती एवढीच, की उद्या व्हरांड्यात मालनबाई माझ्यापाशी येतील आणि विचारतील, त्याहीनं हाक मारली होती का.

मारली होती. मी बेरीज करत होतो.

त्रिंबक